शेपटीची दोरी

"उजवा पंख पडतोय, योलान! डोळा लागला की काय?" बेनेकाका ओरडले.

योलानने दांडी डावीकडे नेली. पंख वर आला. ग्लायडर जागच्या जागी डोलत राहिलं. त्याची शेपटी खुंटीला बांधलेली होती आणि टेकडीवरचा वारा समोरून येत होता. वाऱ्यात नुसतं बसायचं आणि पंख सारखे ठेवायचे, हा नवशिक्यांचा पहिला धडा. बाकीच्यांनी तो आठवड्यात संपवला. योलान दोन उन्हाळे तोच गिरवत होती.

ग्लायडरचं नाव व्यॉचॉक, म्हणजे टिबुकली, तळ्यातला छोटा पक्षी. लाकडी सांगाडा, कापडी पंख आणि पुढे उघड्यावर एक खुर्ची. दुसरी जागाच नव्हती. शिकणारा पहिल्या उडीपासून एकटा. शिकवणाऱ्याने खालून ओरडायचं. म्हणून परवान्याशिवाय कुणाला सोडत नसत. योलानच्या बापाची गिरणी सरकारने घेतली, पण कागदावर तो गिरणीमालकच राहिला. मालकाच्या मुलीचा अर्ज तीनदा परत आला. बसणं म्हणजे उडणं नव्हे, एवढ्या एका फटीतून बेनेकाका तिला बसवत. त्या पंखांचं कापड तिनेच शिवलं होतं.

"कुठवर पोचलीस गं?" तांबड्या केसांच्या गाश्पारने विचारलं. तोंडात पाव होता.

"बालाटॉनचं तळं ओलांडलं. तुला मासे आणू?"

सगळे हसले. तेवढ्यात कॉम्रेड दुदाश धापा टाकत टेकडी चढून आले. उड्डाणांची यादी त्यांच्याकडे असे. त्यांनी कागद काढला आणि मान वर न करता वाचला. योलानचं नाव उड्डाण-संघातून कमी केलं आहे. आजपासून तिने दोरी, पंख, शेपटी, कशालाही हात लावायचा नाही.

 योलानने पंख सारखा ठेवला.

"बसलीय तेवढी बसू दे, कॉम्रेड," बेनेकाका म्हणाले. "पुढचा तयार होईपर्यंत."

"पुढचा कोण?"

"गाश्पार."

"मग आटपा. वरून विचारणा आहे. आज उड्डाणं कमी पडता कामा नयेत."

पण माणूसच कमी पडत होता. ग्लायडर गोफणीसारखं सोडायचं, त्यासाठी त्याच्या नाकाला अडकवलेली रबरी दोरी दोन्ही अंगांनी ओढायला सगळे लागत. उड्डाणाच्या वेळी शेपटी योलान धरायची. आता ती कोण धरणार? दुदाश इकडेतिकडे बघत राहिले. मग त्यांनी कोट काढला, शेपटीमागे गवतात बसून टाचा रोवल्या आणि खुंटीवरची दोरी सोडून स्वतःच्या मुठीत घेतली.

"मी 'सोडा' म्हटल्याशिवाय सोडायची नाही," बेनेकाका म्हणाले आणि पंखाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

गाश्पार खुर्चीपाशी गेला. संघाची एकुलती एक चामडी टोपी त्याच्याकडे होती. ती त्याने योलानच्या डोक्यावर चढवली. मग तिच्या कमरेचा पट्टा सोडवायच्या ऐवजी आणखी एक भोक आवळला.

"अरे, काय करतोस?"

"मासे आण," तो म्हणाला आणि जाऊन रबरी दोरीला लागला.

"ताणा!" बेनेकाकांनी सवयीने हाक दिली. पोरं पुढे चालू लागली. "पळा!" पोरं उतारावर पळाली. दोरी ताणली गेली, सांगाडा करकरला आणि तेव्हा बेनेकाकांना टोपीखालून लोंबणारी वेणी दिसली.

आता एकच शब्द राहिला होता. 'सोडा' म्हणावं, तर काकांचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या टेकडीवरच्या शिक्षकाला याहून कमी गुन्ह्यासाठी खाणीत पाठवलं होतं. काकांना तीन लेकरं होती. 'थांबा' म्हणावं, तर ही पोरगी उद्यापासून टेकडीवर दिसणार नव्हती. दोन्ही शब्द तोंडाशी आले. दोन्ही अडकले. रबरी दोरीवरची पोरं पुढे वाकून थरथरत होती. योलानला मागे वळून बघता येत नव्हतं. पट्ट्यात आवळलेली, ताणलेल्या रबराच्या आणि धरलेल्या शेपटीच्या मध्ये ती वाट बघत होती. हाक येत नव्हती.

तेवढ्यात ग्लायडर सुटलं.

ग्लायडरच्या पोटाखालची लाकडी पट्टी दोनदा दगडांवर खडखडली आणि खडखड थांबली. टेकडी पायाखालून सरली. उजवा पंख पडू लागला, तिने दांडी डावीकडे नेली, पंख वर आला. ओरडायला कुणी नव्हतं. खाली द्राक्षमळे, मग गवताचा पट्टा. अर्ध्या मिनिटाने ग्लायडर गवतावर घसरत थांबलं, एक पंख टेकवून.

पोरं ओरडत उतारावरून धावली. बेनेकाका धावले नाहीत.  ते मागे वळले.

"मी... मी 'सोडा' म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलं," दुदाश म्हणाले. त्यांनी तळहात पँटला पुसले, कोट घातला आणि खाली योलानभोवती उड्या मारणारं गाश्पारचं तांबडं डोकं जरा वेळ बघितलं. मग वहीचं कोरं पान उघडून बेनेकाकांपुढे धरलं. "लिही, बेने. मुलगी धड्याला बसली होती. शेपटी धरणारा नवखा होता, त्याच्या हातून दोरी सुटली. आणि त्याचं नाव नीट लिही: दुदाश. तुझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस."