शास्त्राबाहेरचा निवडुंग

तेराव्याच्या दुपारी वन्संनी खिडकीतली कुंडी फडक्यात धरून कचऱ्याकडे नेली. "वहिनी, हे काटे घरात ठेवलेत, म्हणूनच दादा गेला. शास्त्रात लिहिलंय."

कुंडीत लिंबाएवढा, उभ्या कंगोऱ्यांचा गोल निवडुंग होता. ह्यांनी तो बी पेरून वाढवला होता. त्याची नेमकी जात फुलाशिवाय ठरत नाही. ह्यांचे ते ठरवायचे राहिले, आणि पहिली कळी आत्ता कुठे डोकावत होती.

"कोणत्या शास्त्रात?" मी अत्यंत नम्रपणे विचारले. "हा असला निवडुंग मूळचा अमेरिकेतला, वन्सं. शास्त्रं लिहिणाऱ्या ऋषींनी तो पाहिलेलाही नव्हता."

वन्सं कुंडीसकट फरशीवर बसल्या. "मग दादा का गेला, वहिनी?"

मी त्यांच्याशेजारी बसले.