पाचातलं हरवलं काय

“मीट गं डोळा, मीट गं बाय, पाचातलं माझ्या हरवलं काय?”

केळव्याच्या वाडीत लहानपणी ऐकलेला आत्याचा हा आवाज दमयंतीबाईंनी आपल्यासोबत पाड्यावरच्या नव्या बालवाडीत आणला होता. चटईवर शंख, चिंचोका, सुपारी, गोटा आणि मोराचं पीस मांडायचं. गाणं म्हणत पोरांनी डोळे मिटले की बाई त्यातलं एक उचलून पदराआड लपवायच्या, आणि काय गेलं ते पोरांनी ओळखायचं.

पावसाळ्यात ते पीस कुठंसं गेलं. त्याच्या जागी बाई आता आंब्याचं पान ठेवायच्या. त्याच पावसाळ्यात बुधीचा धाकटा भाऊ चिंतू तापानं गेला, आणि तेव्हापासून बुधी काही केल्या डोळे मिटेना.

“बाई, बुधी लबाडी करते!” सुका ओरडला. “टकाटका बघते!”

पोरं खिदळली. बाईंनी हसत बुधीला मांडीवर ओढलं, “मीट गं डोळा” म्हणत तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. बुधीनं तो हात दोन्ही हातांनी धरला.

“गाणं नका म्हणू, बाई!”

बाईंचा हात तिथंच थांबला. बुधीनं परकराच्या आत कमरेला खोचलेलं मोराचं पीस काढलं आणि अलगद चटईवर ठेवलं.

“चिंतू तापात लई रडत होता. त्याला खेळवाया मी हे घरी नेलं. तुमचं गाणं म्हटलं, तसे त्यानं डोळे मिटले. मी पीस लपवलं. बाई, मंग त्यानं डोळे उघडलेच नाय.”