राखून ठेवलेला डाव

पडद्यावरच्या किरकोळ पैलवानानं धिप्पाड गड्याचं मनगट धरलं, पाठ फिरवली आणि गुडघा टेकता टेकता त्याला अस्मान दाखवलं. हिंदुराव वस्तादांच्या हातातलं दूध धोतरावर सांडलं.

"मृणाल, हा डाव ह्याला कुणी शिकवला?"

"कुणीच नाही, काका," गेम बनवणारी पुतणी म्हणाली. "हालचाली टिपणारा तो ठिपक्यांचा पोशाख घालून तुम्ही जेवढे डाव दाखवलेत, तेवढेच आम्ही ह्यांना दिले. आता हे पैलवान दिवसरात्र आपापसांत लढतात आणि नवे डाव स्वतःच शोधतात."

तिच्या पहिल्या गेममध्ये दोन काडेपेट्या नुसत्या एकमेकींवर आपटायच्या. तेव्हा वस्ताद पोट धरून हसले होते. आज त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पठ्ठ्याला सगळं द्यावं, पण एक डाव राखून ठेवावा, ही तालमीची रीत. हा तोच डाव होता. त्यांनी तो कुणालाच दाखवला नव्हता, शेजारी बसलेल्या लाडक्या पठ्ठ्याला, जोतिरामलासुद्धा. आता तो बटण दाबेल त्याचा झाला होता.

"वस्ताद," जोतिराम डोळे विस्फारून म्हणाला, "रविवारच्या मैदानात कुणी हा टाकला तर? तोड सांगा की!"

वस्ताद पडद्याकडे वळले. आपलाच राखलेला डाव आपल्यावर कोण टाकणार, म्हणून त्यांनी त्याची तोड जन्मात शोधली नव्हती.

"मृणाल," ते म्हणाले, "तुझ्या पैलवानांना ह्याची तोड सापडली का गं? बघ की जरा."