मीठ कशाला घालायचं?

"सर, सूत रंगवताना पाण्यात मीठ कशाला घालतात?"

रसायनशास्त्राच्या वर्गात मागून हसू फुटलं. वर्ग अठरा वर्षांच्या पोरांचा आणि विचारणारी नागमणी येमूल सेहेचाळीस वर्षांची. सोलापुरात चादरींचं सूत रंगवण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. मिठाशिवाय सूत रंग धरत नाही, एवढं सासऱ्यांनी शिकवलं होतं. का धरत नाही, ते कुणालाच सांगता येईना. शेवटी यंदा तिने कॉलेजात नाव घातलं. "या वयात कसली डिग्री!" म्हणून नवरा चार दिवस घुश्शात होता.

तरुण प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर सुताचा धागा काढला, भोवती रंगाचे कण काढले. "काकू, पाण्यात दोघांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. मीठ घातलं की हे ढकलणं कमी होतं आणि रंग धाग्याला जाऊन चिकटतो."

नागमणी फळ्याकडे बघतच राहिली. रोज हातांनी केलेलं काम तिला आज पहिल्यांदा आतून दिसत होतं.

संध्याकाळी नवरा हौदातलं सूत खालीवर करत होता. तिने काठीने ओल्या जमिनीवर तेच चित्र काढून त्याला समजावलं. ऐकता ऐकता त्याचे हात थांबले.

"आणि नंतर सोडा घालतो आपण, तो कशाला?"

"ते तिसऱ्या वर्षाला आहे म्हणे."

त्याने सूत पुन्हा खालीवर करायला घेतलं.

"मग तिसऱ्या वर्षापर्यंत तरी जावंच लागेल तुला."