पहिल्या घाण्याची काडतुसं

"परत उलटं," नेमबाजीच्या मैदानावर दुर्बिणीला लावलेला डोळा न काढताच हिमानी म्हणाली. "उजव्या नळीची गोळी डावीकडे, डाव्या नळीची उजवीकडे. बाबा, एल्क हरीण मधे शांत उभं राहील आणि आपल्या गोळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरायला जातील."

उल्हासरावांनी दोन्ही रिकाम्या पुंगळ्या उचलून रुमालात ठेवल्या. ही काडतुसं त्यांनीच चँडलर गावातल्या आपल्या घरी, गॅरेजमध्ये बसून भरली होती; दारू तोलताना श्वास रोखून. लेकीने हौसेने घेतलेली ही दुनळी रायफल जुनी होती. तिची काडतुसं बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. अशा रायफलीच्या दोन नळ्या एका ठरावीक काडतुसासाठीच जोडलेल्या असतात. ते काडतूस जमलं तर दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी लागतात. दारूत जरा फरक पडला की दोघींचं बिनसतं.

"शुक्रवारी निघायचंय मला," हिमानी म्हणाली. "इतक्या वर्षांनी लॉटरीत शिकारीचं परमिट लागलंय. आज जमलं नाही तर मी मैत्रिणीची रायफल नेणार. सिरियसली."

"पण एक गोळी तर नीट लागेल ना? दुसरीसाठी एवढं काय अडतंय?"

"बाबा, दुसरी त्यासाठीच असते. पहिली नीट बसली नाही तर लगेच दुसरी. नाहीतर ते बिचारं जखमी होऊन जंगलात जातं, आणि मी दिवसभर रक्ताचे थेंब बघत त्याच्यामागे."

उल्हासरावांनी लांबच्या निशाणाच्या कागदाकडे पाहिलं. उन्हाळाभर ते भोकांचाच विचार करत होते. कागदाच्या जागी कुणीतरी उभं असणार हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

"दारू आणखी थोडी कमी करू?"

"किती कमी करशील? आता लवंगी फटाका होईल त्याचा." हिमानीने समोरच्या लोखंडी घोडीवर टिचकी मारली. रायफल त्या घोडीत घट्ट बसवलेली होती आणि ती हलू नये म्हणून वर शिशाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. "आणि ही तुझी घोडी! बार उडतो आणि माझ्या खांद्याला पत्ताच नसतो. फोन व्हायब्रेट झाल्यासारखं वाटतं."

घोडी ही उल्हासरावांचीच कल्पना. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. माणसाचा हात मधे आला की चूक आलीच, असं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे.

पण आता त्यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं.

"खांद्यावर घेतली असतीस तर काय झालं असतं?"

"मार बसला असता."

"ते नाही गं. रायफल कुठे गेली असती?"

"वर." हिमानीने रिकाम्या हातांनी हवेतच रायफल धरली आणि झटका दिला. "आणि थोडी उजवीकडे."

"ही उजव्या नळीची गोष्ट. आणि डावीने?"

"डावीकडे. आय गेस."

उल्हासरावांनी दोन्ही तळहात टेबलावर उभे धरले. मनगटं लांब, बोटांची टोकं जवळ. "नळ्या अशा आहेत. तोंडं एकमेकींकडे वळलेली. मला सारखं वाटायचं, अशा तिरक्या का? बार उडतो तेव्हा प्रत्येक नळी बाहेर ढकलली जाते, म्हणून." त्यांनी बोटं हळूच बाहेर नेली. तळहात समोरासमोर सरळ झाले. "ज्याने या जोडल्या, त्याने खांद्यावर घेऊन बार काढून बघितले असणार. त्याचा खांदा हिशोबात धरलेला आहे यात. आणि मी काय केलं? खांदाच काढून टाकला. मग नळ्या तिरक्याच राहणार आणि गोळ्या उलट्याच जाणार."

"म्हणजे दारूची तुझी पहिली रेसिपीच..."

"बरोबर असेल. नसेलही. माझं काही खरं नसतं, तुला माहितीये."

पहिल्या घाण्यातली चार काडतुसं डब्याच्या तळाशी होती. ती नापास झाली असं समजून त्यांनी बाजूला ठेवली होती. ते घोडीवरच्या पिशव्या एकेक करून उतरवू लागले. शेवटची पिशवी मात्र त्यांच्या हातातच राहिली.

"धक्का बराच मोठा असतो म्हणतात."

"बाबा, खरं सांग. ही घोडी एररसाठी आणली होतीस की माझ्यासाठी?"

उल्हासरावांनी पिशवी खाली ठेवली. "दोन्हीसाठी."

हिमानीने रायफल घोडीतून काढली, दोन काडतुसं भरली, दस्ता खांद्यात ओढून घेतला, कोपरं टेबलावर टेकवली. उल्हासरावांनी कानांवरची टोपणं दाबून धरली. एक बार, लगेच दुसरा. खुर्ची कर्रकन मागे सरकली.

ती दुर्बिणीवर वाकली आणि ओरडलीच. "शेजारी शेजारी! उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. अंगठ्याखाली झाकतील, बाबा! हीच नेणार मी. बघ, बघ ना!"

तिने दुर्बीण त्यांच्याकडे वळवली. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला नाही.

"लागलं?"

"मध्यात लागलंय, बघ की."

"तुला विचारतोय. खांद्याला."

हिमानी हसली. तिने मूठ वळली आणि त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली, खोलगट जागेत एक हलकाच ठोसा मारला. "असं."

"एवढंच?"

"छे. याच्या खूप जास्त."

"म्हणजे किती?"

डब्यात दोन काडतुसं उरली होती. हिमानीने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि खुर्ची पायाने पुढे सरकवली.

उल्हासराव बसले. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, काढला, शर्टाची बाही नीट केली, पुन्हा लावला.

"चष्मा ठेवू की काढू?" त्यांनी विचारलं.