दोरा गुंडाळलेली अंगठी

पिंड पाण्यात सोडून बराच वेळ झाला होता, पण एक मासा त्याला शिवेल तर शपथ.

फतेगंजातल्या घरी कॉम्प्युटरसमोर कमळाबाई पदर घट्ट धरून बसल्या होत्या. समोर अमेरिकेतल्या एका मासेमारीच्या धक्क्याखालचं हिरवट पाणी हलत होतं. कुठल्याशा हौशी मंडळानं तिथे पाण्यात कॅमेरा बसवला होता. मासे, खेकडे, जे फिरकेल ते जगानं घरबसल्या बघावं. इकडे दिवेलागण, तिकडे सकाळ. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांचा समरजित फोन धरून उभा होता. व्हिसाच्या भानगडीत बापाला खांदा द्यायलाही त्याला येता आलं नव्हतं. बडोद्यात चुलतभावानं अग्नी दिला. निदान दहाव्याचा पिंड तरी लेकाच्या हातून जावा म्हणून गुरुजींनीच तोड काढली, कावळा नाही तर मासे.

"आई, खाल्ला का?" फोनच्या स्पीकरमधून समरजितनं विचारलं.

"नुसते बघून जातायत मेले," संयोगिता म्हणाली. "दादा, भात कच्चा नाही ना ठेवलास?"

"गप गं," कमळाबाईंनी लेकीला दटावलं.

सुभानरावांचा जीव कशात अडकला होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठीत. पणजोबांना सरकारच्या फौजेत मिळालेली, पोवळ्याची. दोन वर्षांपूर्वी ते लेकाकडे राहून आले, तेव्हा याच धक्क्यावर ती बोटातून घसरून पाण्यात पडली. गुडघ्यांपायी कमळाबाई गेल्या नव्हत्या. पण अंगठी सैल होते म्हणून निघण्याआधी तिला मागच्या बाजूनं लाल दोरा त्यांनीच गुंडाळून दिला होता. माझाच दोरा ढिला पडला, हे त्या तेव्हापासून मनाशी घोकत आल्या होत्या.

परत आल्यावर सुभानरावांनी कॉम्प्युटर घेतला आणि रोज दिवेलागणीला हा कॅमेरा लावून बसू लागले. "लाटेनं वाळू हलते. एखाद दिवशी दिसेल," म्हणायचे.

"आबा, एखादी मासोळीच घालून मिरवत असेल!" संयोगिता चिडवायची. सुभानराव हसायचे नाहीत.

कमळाबाई शेजारी बसून पालक निवडायच्या. त्यांनाही मासे ओळखू येऊ लागले होते. तो पट्टेवाला, तो एका नांगीचा खेकडा. मग वरून कुणीतरी पावाचे तुकडे टाकायचं आणि माशांची झुंबड उडायची. नेमका तेव्हाच सुभानरावांना चहा हवा असायचा. त्या कप घेऊन येईपर्यंत कॉम्प्युटर बंद.

"आज नाही दिसली," ते म्हणायचे. चहा मात्र मजेत प्यायचे.

पिंड वाळूवर तसाच पडून होता.

"आबा, मी पाणबुड्या लावतो," समरजित म्हणाला. "अंगठी काढतोच."

मासे लांबूनच गेले.

"मी पुन्हा नाही हो हसणार त्या अंगठीला," संयोगिता म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तरी नाही.

मग कमळाबाईंनी हात जोडले. "अहो, दोरा माझा, चूक माझी. त्या अंगठीपायी तिथे अडकून राहू नका. ती सापडेपर्यंत मी गोड तोंडाला लावणार नाही. सुटा आता."

एका नांगीचा खेकडा पिंडाला वळसा घालून निघून गेला.

"आई," समरजितचा आवाज एकदम खाली आला. "एक आजी आल्यात इथे. रोज माशांना पाव घालतात म्हणे. थांबवू का?"

कमळाबाईंनी डोळे पुसले. "नको रे. पुण्याचं काम आहे. घालू दे."

वरून तुकडे पडले. कुठून कुठून मासे धावले. त्या धुमाळीत पिंड फुटला आणि पट्टेवाल्यानं त्यातला घास गट्ट केला.

"हाश!" संयोगिता रडता रडता हसली. "शिवले! आई, अंगठीतच जीव होता बघ आबांचा!"

कमळाबाई काही बोलणार, तोच पाण्यात मनगटापर्यंत एक हात उतरला. गोरा, सुरकुतलेला, बाईचा. त्यानं उरलासुरला चुरा झटकला आणि रोजची सवय असावी तसा कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबला.

बोटात पोवळं होतं. मग तळहात वळला. लाल दोरा जिथल्या तिथे होता, घट्ट.