नाव न छापण्याच्या अटीवर

जळकोट स्टँडवर चहा विकणाऱ्या नागुबाईनं वार्ताहर समीक्षापुढं पेपर आपटला.

"उदगीरची सकाळची गाडी पुन्हा चालू होनार, ही बातमी तुला म्या दिली. अन् छापलंस काय, तर 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले'! कोन हाय गं हे सूत्र?"

समीक्षाला हसू आवरेना. "मावशी, सूत्र म्हणजे तुम्हीच. ज्याच्या शब्दावर पेपर डोळे झाकून भरवसा ठेवतो, पण ज्याचं नाव कुणाला कळू देत नाही, असं माणूस."

नागुबाई चक्क लाजली. "मंग म्या बी कुनाला बोलत न्हाई."

शब्दाला जागली बाई. आठ दिवसांनी समीक्षा चहाला आली, तेव्हाही नागुबाईच्या तोंडाला कुलूपच होतं. टपरीवर मात्र नवाकोरा बोर्ड झळकत होता:

'विश्वसनीय सूत्र टी हाऊस. प्रो. प्रा. नागुबाई.'